झ्लातिनाची मान

१

मी मिन्को द्राझेव. त्र्याव्ना गावात, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत माझा छापखाना आहे. त्या छापखान्याची शपथ घेऊन सांगतो, पुढे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे.

आता शपथ घेऊन झालीच आहे, तर एक बारीकशी दुरुस्ती. यातली एक जागा मी रचलेली आहे. अगदी रचलेली नाही, जरा फिरवलेली. कुठली ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही तेवढीच सोडून वाचाल. गावात चौकशी केलीत तर लोक म्हणतील, मिन्कोच्या गोष्टीत एकच जागा रचलेली असेल तर त्या दिवशी मिन्को आजारी असणार. मी एकदा चारचौघांत सांगितलं होतं की डोंगरातलं अस्वल माझ्याकडून पिल्लाच्या नामकरणाची पत्रिका छापून घेऊन गेलं. ते खोटं होतं. कोल्हा होता.

पत्रिका म्हणजे चैन. माझं रोजचं काम शोकपत्रकांचं. माणूस गेला की वर फोटो, खाली नाव आणि दोन ओळी. घराच्या दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्ष झालं की पुन्हा. लोक फोटो आणतात ते कुणाच्या तरी लग्नातले, खांद्यावर परक्याचा हात राहिलेला. मी तो हात पुसतो, सुरकुत्या काढतो, कपाळ उजळतो. तीस वर्षं या गावातले मेलेले लोक मी गुळगुळीत करत आलोय.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी बायको गेली. तिचंही पत्रक मीच छापलं. मग चाळीस दिवसांचं, मग सहा महिन्यांचं. तोच फोटो. हे तिसरं दारावर चिकटवताना माझ्या ध्यानात आलं की डोळे मिटून झ्लातिना आठवायला जावं तर समोर फोटोच येतो. मी गुळगुळीत केलेला. त्या फोटोनं तिचा चेहरा खाऊन टाकला होता.

आणि तो चेहरा मला हवा होता. नुसत्या आठवणीसाठी नव्हे. त्यावरून मला एक गोष्ट ठरवायची होती.

२

आमच्याकडे ‘हो’ म्हणायचं असेल तर मान डावी-उजवीकडे हलवतात. ‘नाही’ म्हणायचं असेल तर हनुवटी वर उडवून जिभेनं ‘च्’ करतात. बाकीचं जग उलटं वागतं, त्याला आमचा इलाज नाही.

झ्लातिना नऊ वर्षं परदेशात, पालेर्मोत होती, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल करायला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका अशा जाऊन आल्यात. येताना कुणी कॉफीचं भांडं आणलं, कुणी गुडघेदुखी आणली. झ्लातिनानं मान आणली. तिथे डावी-उजवीकडे म्हणजे ‘नाही’. नऊ वर्षांत तिच्या मानेला दोन्ही सवयी लागल्या, आणि कुठली कधी येईल ते तिचं तिलाही ठाऊक नसे.

“अजून सूप वाढू?” मी विचारायचो.

मान डावी-उजवीकडे. मी वाढायचो.

“अरे नको म्हटलं ना!”

“मान तर हो म्हणाली!”

“ती पालेर्मोची होती.”

“मग आधी सांगत जा ना, आज मान कुठल्या देशात आहे ते.”

“मान इथंच आहे. पोट तिकडे आहे. खा तूच आता.”

हसून हसून आम्ही दोन-दोन वाडगे सूप खाल्लंय. हनुवटी वर आणि ‘च्’, एवढं एक मात्र दोन्ही गावांत सारखंच होतं. खरं ‘नाही’ असेल, रागाचं ‘नाही’ असेल, तेव्हा ती ते करायची. त्यात घोटाळा नसायचा.

शेवटचे तीन दिवस ती शहरातल्या हॉस्पिटलात होती आणि तिला बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दुपारी मी तिला विचारलं, “झ्लाते, तासाभरात घरी जाऊन येऊ का? सदरा बदलतो, मांजराला खायला घालतो.” तिनं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश.

मी गेलो. परत आलो तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती.

आता तुम्हीच सांगा, ती मान त्र्याव्नाची होती की पालेर्मोची? ‘जा’ म्हणाली, की ‘नको जाऊस’ म्हणाली? मान दोन देशांत राहिली, पण चेहरा तर एकच होता. डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठाच्या टोकाला, कुठेतरी ते लिहिलेलं असणारच. मी ते पाहिलंही असणार. फक्त आता आठवत नव्हतं. फोटोत पाहावं तर फोटो मान हलवत नाही.

३

म्हणून मी चित्रं काढायला शिकायला गेलो. वाचनगृहाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी दहाला व्यक्तिचित्रांचा वर्ग भरतो. लाकडी जमीन, तीन उंच खिडक्या, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, तिचं नळकांडं खिडकीतून बाहेर काढलेलं. टर्पेन्टाइनचा वास जिन्यापासून सुरू होतो. शिकवणाऱ्या विख्रा स्तामेनोवाबाई सत्तरीच्या; हातात कायम कॉफीचा पेला, त्यात चुकून ब्रश बुडवला तरी पिणार. विद्यार्थी मी, दाताचे डॉक्टर कोयनोव आणि दोन शिक्षिका, ज्या एकमेकींशीच बोलायच्या. समोर खुर्चीत बसायची बिसेरा. ती निवृत्त पोस्टमनबाई. चाळीस वर्षं चालल्यावर आता तिला नुसतं बसायला मिळतंय याचाच आनंद.

पहिल्या शनिवारी बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

“मिन्को, चेहरा रंगवतोयस की सदऱ्याला इस्त्री करतोयस?”

“बाई, गालावर सावली नीट बसत नाहीये.”

“बसेल कशी? काळा घेऊन आलास! कोळशाच्या खाणीत वाढलास का? नीट बघ. काय आहे तिच्या हनुवटीखाली?”

“हनुवटीखाली... गळा.”

डॉक्टर फिसकन हसले. बाईंनी माझा बारीक ब्रश काढून घेतला आणि दोन बोटं रुंदीचा, रांठ केसांचा ब्रश हातात दिला.

“डोळे अर्धे मीट. गळा विसर, बिसेरा विसर. रंग कुठला?”

मी डोळे अर्धे मिटले. खरं सांगतो, बिसेराच्या हनुवटीखाली हिरवं होतं. कच्च्या अक्रोडाच्या सालीसारखं हिरवं. कानाची पाळी शेंदरी, आणि कपाळाच्या कडेला, खिडकीच्या बाजूला, जांभळट बर्फ. तीस वर्षं मी चेहरे पुसत होतो आणि एकदाही पाहिले नव्हते.

“आता एक फटकारा मार आणि हात काढ,” बाई म्हणाल्या. “चुकला तर चुकू दे. एका फटकाऱ्याची माफी दुसऱ्या फटकाऱ्यानं मागायची नाही.”

“बाई, मी काय हिरवी आहे होय?” खुर्चीतून बिसेरा.

“तू गप बस. तू आज भाजीमंडई आहेस.”

४

चौथ्या शनिवारी ते पहिल्यांदा दिसलं.

आदल्या आठवड्याचं बिसेराचं चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. फिरवलं, तर तिच्या दोन्ही कानांपाशी आडवे फटकारे. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. गालाचा हिरवा, कपाळाचा नारिंगी बाहेरच्या बाजूला ओढत नेलेला, जणू रंग ओला असताना कुणी डोकं हलवलंय.

मी मारले नव्हते. निदान मारल्याचं आठवत नव्हतं.

“डॉक्टर, माझ्या चित्राला हात लावलात?”

“मी दुसऱ्याच्या तोंडात हात घालतो ते खुर्चीत बसवून,” डॉक्टर म्हणाले. “असा चोरून नाही.”

बाईंनी पाहिलं आणि पेला खाली ठेवला. तो पेला खाली ठेवलेला मी तेव्हा प्रथम पाहिला.

“शाब्बास. अखेर हात हलला म्हणायचा तुझा.”

शाब्बासकी परत करायची मला सवय नाही. मनाशी हिशोब घातला: झाडणाऱ्या बाईनं चित्र हलवलं असेल, कशाला तरी घासलं असेल. पण घासलं तर एका बाजूला घासतं. हे दोन्हीकडे होतं, आणि मधला चेहरा जसाच्या तसा, स्वच्छ.

सुरीनं मी ते फटकारे खरवडून काढले. पुढच्या शनिवारी ते तिथेच होते. बाकीचं चित्र वाळून कोरडं ठणठणीत, आणि हे ओले. बोट लावलं तर बोटाला हिरवं लागलं.

“तेल जास्त घातलंयस,” बाई म्हणाल्या. मला पटलं. पटवून घेतलं.

दुसरं चित्र केलं, बिसेराचंच, मुद्दाम बाजूनं. तेल घातलंच नाही, नुसतं टर्पेन्टाइन. एकच कान दिसत होता, त्या कानापाशी तीन. आणि नाकापुढे, जिथे नुसती मागची भिंत होती, तिथे हवेत तीन.

५

जानेवारीत थंडी वाढली तशी शेगडी भरभरून पेटवायला लागलो. खोली तापली की माझ्या बाजूनं एक आवाज यायचा. बारीक, कोरडा. टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. कॅनव्हास तापला की ताणला जातो, ताणला की चौकटीवर वाजतो. हे मीच डॉक्टरांना समजावून सांगितलं, कारण त्यांनी विचारलं होतं.

“मग आमचे का वाजत नाहीत?”

“तुमचे शेगडीपासून लांब आहेत.”

“मिन्को, शेगडीजवळ मी आहे. तू खिडकीत आहेस.”

मी खिडकीत होतो हे खरंच होतं. माझ्या काचेवर आतून बर्फ धरला होता.

त्याच दिवशी बाईंनी आरसा शिकवला. एक हातात मावेलसा गोल आरसा त्यांनी पिशवीतून काढला. “चित्राकडे पाठ कर. आरसा खांद्यावर धर आणि त्यात चित्र बघ. रोज बघून डोळा निर्ढावतो, चुका लपवतो. उलटं दिसलं की डोळ्याला फसवता येत नाही.”

मी पाठ केली. आरशात चित्रातली बिसेरा दिसली. नाक खरंच वाकडं होतं. मी आरसा जरा कलता केला आणि मला वाटलं, ती शिक्षिकांकडे बघून मान हलवत ‘हो’ म्हणतेय.

हात थरथरला असणार. थंडी होती.

“काय दिसलं?” बाईंनी विचारलं.

“नाक वाकडं आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बाई आरसा माझ्या कोटाच्या खिशात टाकत म्हणाल्या, “बिसेरा पुरे झाली आता. ज्या बाईसाठी आलायस तिला काढ.”

मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. पण गाव लहान आहे, आणि पत्रक माझ्या दारावर होतं.

६

तिला जाऊन वर्ष होणार त्याच्या आदल्या दिवशी शनिवार आला. बाईंकडून किल्ली घेऊन मी आठलाच वर्गात गेलो. बाहेर बर्फावर ऊन होतं आणि तो सगळा उजेड छताला जाऊन लागला होता. शेगडी मी पेटवली नाही. म्हटलं, आज कॅनव्हासला वाजायला निमित्त नको. फोटो घरीच ठेवला होता, खणात पालथा.

काहीही न रेखता सुरुवात केली. डोळे अर्धे मिटले आणि झ्लातिना कशी दिसायची ते आठवायचंच नाही, असं ठरवलं. नुसते रंग आठवायचे. सकाळी चुलीपाशी उभी असताना तिच्या गळ्यावर काय पडायचं? निळा. ठासून निळा मारला आणि हात काढला. पालेर्मोहून पहिल्यांदा आली तेव्हा बसमधून उतरताना कपाळ? भाजलेल्या भोपळ्याचा नारिंगी. माझं अस्वल ऐकताना डोळ्याखाली? तिथे हिरवा होता, अक्रोडाचा नव्हे, पाण्याखालच्या दगडाचा. जबड्याच्या कडेला तांबडा. मी ब्रश धुतही नव्हतो. एकेक फटकारा कॅनव्हासवर आपटत होता, खोलीत ढप् ढप् घुमत होतं, आणि कुठलाही रंग मी निवडत नव्हतो. ते रांगेत उभे असल्यासारखे एकामागून एक येत होते. किती वेळ गेला ठाऊक नाही. ब्रश आपोआप खाली आला तेव्हा दंड दुखत होता.

सहा पावलं मागे गेलो. काहीच नाही. मंडईतलं फळांचं दुकान. कुणी धक्का देऊन पाडलेलं.

मग मी पाठ केली आणि खिशातून आरसा काढला.

ती होती.

‘हुबेहूब’ म्हणणार नाही. हुबेहूब मी रोज छापतो. हे वेगळं होतं. त्या निळ्या-तांबड्या गर्दीच्या मधोमध माझी बायको होती, आणि मी इतका थोर माणूस कधीच नव्हतो की माझ्या हातून असं काही व्हावं. चर्चमध्ये लोक टोपी का काढतात ते मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून मी नुसताच हात डोक्याला लावला.

तिच्या कानांपाशी आडवे फटकारे होते. आज मी एकही आडवा मारलेला नव्हता.

आणि ते स्थिर नव्हते. आरशात कडा पुसट व्हायच्या, भरायच्या, पुसट व्हायच्या. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. मी स्वतःशी म्हटलं, हात थरथरतोय, मिन्को. आरसा खिडकीच्या चौकटीला टेकवून घट्ट धरला. आरशात शेगडीचं नळकांडं स्थिर होतं. ईझलचे तीन पाय स्थिर होते. खुंटीवरचा बाईंचा झगा स्थिर होता. मधलं तेवढं हलत होतं.

वळलो असतो तर सगळं थांबलं असतं, असं वाटलं. थांबलं नसतं तर काय, असंही वाटलं.

“झ्लाते,” मी आरशाला विचारलं, “जाऊ का?”

मान थांबली. हलत होती तोवर मी उभा राहू शकलो होतो. थांबली तेव्हा खांदा चौकटीला टेकवला. माझं बोलणं कुणीतरी ऐकलं होतं. खोलीत एवढी शांतता झाली की खाली रस्त्यावर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं ते थेट कानात आलं.

मग हनुवटीखालचा निळा वाढला. थोडासा. गळा जास्त दिसायला लागला.

च्.

तो टक् नव्हता. कधीच नव्हता. सव्वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला चौकट, कॅनव्हास काही लागत नाही. आणि दोन्ही गावांत त्याचा अर्थ एकच आहे.

तिचे डोळे पाहायला आरसा जवळ आणला, तर माझ्याच श्वासानं त्यावर वाफ धरली. पुसायची हिंमत झाली नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो, चित्राकडे पाठ करून. गेलो मात्र नाही. दहा वाजेपर्यंत तिथून हललो नाही.

दहाला जिना वाजला. पुढे बाई, मागे डॉक्टर पनीर भरलेल्या बानित्साची परात घेऊन. डॉक्टरांच्या तोंडात काहीतरी थट्टा तयार होती, ती तिथेच राहिली. त्यांनी परात हळूच जमिनीवर टेकवली.

“वहिनी,” ते म्हणाले. एवढंच.

बिसेरा दारातच थांबली आणि तिनं छातीवर क्रूस काढला.

बाई बराच वेळ माझ्यामागे उभ्या होत्या. चष्मा काढल्याचा आवाज आला, पुसल्याचा आला, परत घातल्याचा आला.

“मिन्को,” त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “हनुवटी इतकी वर का घेतलीस रे?”

मी अजून वळलो नव्हतो. मी रंगवलेली हनुवटी सरळ होती.

७

आता कबुली. तुम्ही म्हणाल, आरसा रचलेला, मान रचलेली, तो आवाज तर नक्कीच रचलेला. नाही. ते सगळं जसं झालं तसं लिहिलंय. चित्र वाचनगृहात टांगलंय, जाऊन बघा. बाई कुणालाही बोट लावू देत नाहीत, कारण कानांपाशी ते अजून ओलं आहे.

रचलेली जागा हॉस्पिटलातली आहे. मी तिला विचारलं नव्हतं. ‘जाऊ का?’ हे मी त्या शनिवारी पहिल्यांदा विचारलं.

त्या दुपारी मी जाकीट घालून दाराशी पोचलो होतो. दोन दिवस तिथे बसून मला बाहेर पडायचं होतं, एवढंच; मांजराला शेजारीण खायला घालत होती. दाराला काच होती. काचेत मागचा पलंग दिसला, आणि तिची मान, डावीकडे, उजवीकडे. वळून विचारायला दोन पावलंही लागली नसती.

मी काचेकडे बघूनच “बरं” म्हणालो आणि दार ओढून घेतलं.